मडगार्डावरचं स्टिकर कोणासाठी? नॅसकार आणि सुट्या भागांच्या कंपन्या

भोसरीतल्या एका छोट्या ऑइल फिल्टर कारखान्यात मार्केटिंग बघणाऱ्या एका तरुणाने विचारलंय: "अमेरिकेतल्या नॅसकारच्या गाड्यांवर पुढच्या मडगार्डाला प्लग, फिल्टर, पिस्टन रिंगा, ब्रेक पॅडवाल्यांचे स्टिकर दाटीवाटीने चिकटवलेले दिसतात. ताशी तीनशे किलोमीटरने जाणाऱ्या गाडीवरचं ते वीतभर स्टिकर वाचतं कोण? इतक्या वर्षांत कुठल्या पार्टवाल्याला याचा खरंच फायदा झाला, की ही नुसती मालकांची हौस?"

नमस्कार. मी नॉर्थ कॅरोलायनात सुट्या भागांच्या घाऊक वितरणात बरीच वर्षं काढली, आणि त्यातला मोठा काळ प्रमोशनचं काम माझ्याकडे होतं. नॅसकार म्हणजे शोरूममधल्यासारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या, म्हणजे स्टॉक कारच्या शर्यती भरवणारी अमेरिकेतली संघटना. तिच्या बहुतेक टीम याच राज्यात, शार्लटच्या आसपास आहेत. त्यामुळे स्पॉन्सरशिप कशी ठरते, तिचा पैसा कुठे मुरतो आणि कुठे वाया जातो, हे जवळून बघायला मिळालं. त्यावरून लिहितो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. "वाचतं कोण" हा जाहिरातीचा प्रश्न, "फायदा झाला का" हा धंद्याचा. सुट्या भागांच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर दुकानाच्या काउंटरवर सापडतं. साबण गिऱ्हाईक स्वतः हाताने उचलतं. ऑइल फिल्टर किंवा ब्रेक पॅड मात्र गाडीचा मालक क्वचितच निवडतो. गॅरेजवाला दुकानात फोन करतो, "अमक्या मॉडेलचे पुढचे पॅड पाठव" एवढंच सांगतो, ब्रँडचं नाव बहुतेक वेळा घेतही नाही. काउंटरवरचा माणूस फळीवरून जो डबा काढेल तो गाडीत बसतो. पार्टवाल्याच्या स्टिकरचा खरा वाचक म्हणजे हा काउंटरवाला आणि तो मेकॅनिक. प्रेक्षक वाचतात ते वरकड.

अर्थात हे मालावर अवलंबून आहे. इंजिन ऑइल, ऑइलमध्ये मिसळायची औषधं, बॅटरी या वस्तू अमेरिकेत लोक स्वतः विकत घेतात, त्यांना प्रेक्षक हवा असतो. बेअरिंग, गॅस्केट, पिस्टन रिंग कोणी हौसेने विकत घेत नाही, तिथे सगळी भिस्त धंद्यातल्या माणसावर. तुमचा फिल्टर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो, म्हणून तुमचा प्रश्न मला जास्त रोचक वाटला.

आधी एक घोळ सोडवतो. लोक ज्याला सरसकट स्पॉन्सरशिप म्हणतात त्यात निदान चार वेगळे व्यवहार असतात. अख्खी गाडी आपल्या रंगात रंगवून घेणं हा एक. शर्यतीलाच आपलं नाव देणं हा दुसरा. आपला भाग प्रत्यक्ष गाडीत बसवण्यासाठी पुरवणं हा तिसरा. आणि तुम्ही विचारलेले मडगार्डावरचे छोटे स्टिकर हा चौथा, ज्याला तिकडे कंटिन्जन्सी म्हणतात. चारही व्यवहारांत पैसा वेगळ्या तऱ्हेने जातो आणि वेगळ्या तऱ्हेने परत येतो.

कंटिन्जन्सीचा हिशेब सगळ्यात साधा आहे. कंपनी आधी जाहीर करते की आमचं स्टिकर ठरलेल्या जागी लावलेल्या गाडीने अमुक केलं, म्हणजे शर्यत जिंकली, सगळ्यात जास्त फेऱ्या आघाडीवर राहिली किंवा वर्षातला उत्तम नवोदित ठरली, तर आम्ही इतकी रक्कम देऊ. बऱ्याच योजनांत आमचा भाग गाडीत असलाच पाहिजे अशीही अट असते. स्टिकर नसेल तर बक्षीस नाही. टीमच्या मुख्य प्रायोजकाच्या प्रतिस्पर्ध्याचं स्टिकर असेल तर टीम ते लावत नाही आणि त्या पैशावर पाणी सोडते. बियरवाल्यांचं स्टिकर नॅसकारचा गाजलेला ड्रायव्हर रिचर्ड पेटी याने आपल्या गाडीवर कधी लावलं नाही, कारण त्याच्या घरात दारूचा पैसा नको असा दंडक होता.

कंपनीला यातून मिळतं काय? निकाल लागल्यावर जाहिरात करायचा हक्क. "रविवारची शर्यत आमच्या प्लगवर जिंकली गेली" हे वाक्य सोमवारी खरेपणाने छापता येतं. शर्यत संपल्यावर विजेत्याच्या भोवती जे चालतं ते कधी नीट बघा. ड्रायव्हर आणि टीमची माणसं एका कंपनीची टोपी घालून फोटो देतात, ती काढून दुसरी, मग तिसरी, आणि हे बराच वेळ चालतं. ते फोटो प्रत्येक कंपनीचे आपापले असतात. वितरकांच्या कॅलेंडरवर, दुकानाच्या भिंतीवर, मेकॅनिकांच्या मासिकात ते छापले जातात. त्या फोटोत गाडी उभी असते आणि स्टिकर अगदी स्वच्छ वाचता येतं. तीनशे किलोमीटरच्या वेगात ते वाचलं जावं अशी कोणाची अपेक्षाच नसते.

आता इतिहासाकडे, कारण "फायदा झाला का" याचं उत्तर तिथे आहे.

नॅसकारची स्थापना १९४८ची. १९४९ साली सुरू झालेल्या मुख्य मालिकेचा गाभा असा होता की शोरूममधून विकली जाते तीच गाडी पळवायची. यातच सुट्या भागांचं महत्त्व दडलेलं होतं. ४ सप्टेंबर १९५० रोजी डार्लिंग्टनला पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. ७५ गाड्या सुटल्या आणि दिवसभर टायर फुटत राहिले. जिंकला जॉनी मँट्झ, एका साध्या प्लिमथमध्ये, आणि तोही ४३व्या क्रमांकावरून सुटून. त्याची गाडी वेगात मागे होती, पण तिला कडक रबराचे टायर होते. बाकीचे पिटमध्ये टायर बदलत बसले, तेव्हा तो एका लयीत फेऱ्या मारत राहिला. टायर काय चीज आहे हे त्या दिवशी हजारो माणसांना न सांगता समजलं.

त्यानंतरची हडसन हॉर्नेटची गोष्ट पार्टवाल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. १९५१ ते १९५३ सालच्या तिन्ही अजिंक्यपदांमागे ही गाडी होती. नियम असा की गाडीत कंपनीच्या कॅटलॉगातलेच भाग हवेत. मग हडसनने कॅटलॉगातच "सिव्हिअर युसेज" नावाने दणकट भाग आणले, म्हणजे कठोर वापरासाठीचे हब, अॅक्सल, सस्पेन्शनचे भाग. कागदोपत्री ते कोणालाही विकत घेता येत होते. शर्यतीत काय तुटतं ते बघायचं, ते दणकट करायचं आणि पार्ट नंबर देऊन विकायचं, हा क्रम इथे अगदी उघडपणे दिसतो.

याच काळात एक बाहेरचा माणूस आला. कार्ल कीखेफर बोटींना लावायची मर्क्युरी इंजिनं बनवत असे. त्याने पांढऱ्या क्रायस्लर ३०० गाड्यांवर आपल्या कंपनीचं नाव रंगवलं, १९५५ आणि १९५६ ही दोन्ही अजिंक्यपदं घेतली, १९५६ मध्ये तर लागोपाठ १६ शर्यती जिंकल्या. मग प्रेक्षक त्याच्या गाड्यांची हुर्यो उडवायला लागले. ज्यांनी आपली इंजिनं विकत घ्यावीत तीच माणसं आपल्यावर ओरडतायत हे बघून तो त्या हंगामानंतर बाहेर पडला. जिंकण्याने विक्री वाढतेच असं मानणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो.

पुढे गाड्यांच्या कंपन्यांचा पैसा येत-जात राहिला. १९५७ मध्ये त्यांनी आपसात ठरवून शर्यतीतून अंग काढलं, साठच्या दशकात फोर्ड आणि क्रायस्लर जोरात परतले, आणि १९७०-७१ च्या सुमाराला पुन्हा हात आखडते घेतले. टीमकडे गाड्या होत्या, ड्रायव्हर होते, पैसा आटला. नेमकं तेव्हाच, २ जानेवारी १९७१ पासून, अमेरिकेत टीव्ही-रेडिओवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली आणि विन्स्टन सिगारेटच्या कंपनीने आपला मोकळा झालेला पैसा अख्ख्या मालिकेला नाव द्यायला वळवला. गाड्या रंगवायला मात्र कोणीतरी हवं होतं. ती जागा पार्टवाल्यांनी घेतली. सुट्या भागांच्या स्पॉन्सरशिपचं मोठं पर्व इथे सुरू होतं.

१९७२च्या सुरुवातीला एसटीपी या ऑइल ट्रीटमेंटवाल्या, म्हणजे ऑइलमध्ये मिसळायचं औषध विकणाऱ्या कंपनीचा प्रमुख अँडी ग्रॅनाटेली आणि रिचर्ड पेटी यांचा करार झाला. ग्रॅनाटेलीला पूर्ण गाडी आपल्या झगझगीत लाल रंगात हवी होती. पेटीची ४३ नंबरची गाडी वर्षानुवर्षं फिकट निळी, तो रंग घराण्याची ओळख, तो सोडायला तयार नव्हता. शेवटी निळा आणि लाल दोन्ही ठेवायचं ठरलं, आणि ती दुरंगी गाडी या खेळातली बहुधा सगळ्यात ओळखीची गाडी झाली. मला वाटतं, पेटीच्या हट्टाने एसटीपीचंच भलं झालं. लोक मुळात निळ्या गाडीचे होते. लाल रंग तिच्यावर पाहुणा म्हणून आला आणि घरचा झाला. पेटी १९९२ मध्ये निवृत्त झाला तेव्हाही गाडीवर एसटीपीच होतं.

दुसरीकडे व्हर्जिनियातल्या स्टुअर्ट गावच्या वुड ब्रदर्सची २१ नंबरची मर्क्युरी होती (ही फोर्डची गाडी, कीखेफरच्या इंजिनांशी तिचा संबंध नाही), तिच्यावर प्युरोलेटर, म्हणजे तुमच्यासारखाच फिल्टरवाला. ड्रायव्हर डेव्हिड पिअर्सन. १९७३ मध्ये त्यांनी फक्त १८ शर्यतींत भाग घेतला आणि ११ जिंकल्या.

या दोन गाड्या १५ फेब्रुवारी १९७६ रोजी डेटोना ५०० या नॅसकारच्या सगळ्यात मोठ्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत एकमेकींना भिडल्या. चौथ्या वळणातून बाहेर पडताना पेटीच्या गाडीचा मागचा भाग पिअर्सनच्या पुढच्या भागाला घासला, दोघंही भिंतीवर आदळले आणि गिरक्या खात आतल्या गवतावर आले. पेटीची गाडी रेषेच्या अलीकडे थोड्याच अंतरावर बंद पडली, पुन्हा चालू होईना. पिअर्सनने गिरकी खातानाच क्लच दाबून धरला होता, त्यामुळे त्याचं इंजिन बंद पडलं नाही. चेपलेल्या नाकाची ती गाडी सायकलने गाठता येईल इतक्या वेगाने सरपटत रेषेपार गेली आणि जिंकली. ऑइल ट्रीटमेंटवाली गाडी दुसरी, फिल्टरवाली पहिली. दोन्ही नावं त्या एका प्रसंगात कायमची एकत्र बसली. आजही जुन्या काउंटरवाल्यांसमोर प्युरोलेटरचं नाव काढलं की ते पिअर्सनवर येतात. एका फिल्टर कंपनीला इतक्या वर्षांनीही हे मिळतंय, हा तुमच्या प्रश्नाच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा.

विरुद्ध बाजूचा पुरावाही सांगायला हवा, आणि तो एसटीपीचाच आहे. गाडी जिंकते म्हणून बाटलीतल्या द्रवाबद्दल काहीही म्हणता येतं असं नाही. आपल्या ऑइल ट्रीटमेंटमुळे ऑइल कमी जळतं, अशा दाव्यांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला धरलं. १९७८ मध्ये ५ लाख डॉलरचा दंड झाला, शिवाय २ लाख डॉलर खर्चून त्या कारवाईची माहिती देणाऱ्या जाहिराती स्वतःच छापाव्या लागल्या. चाहत्यांचं पेटीवरचं प्रेम कमी झालं नाही. पण व्यवसायाने मेकॅनिक असलेली माणसं हे विसरत नाहीत, आणि पार्टवाल्याला त्यांच्याशीच गाठ असते. म्हणून माझ्या कामात मी एक नियम पाळला: शर्यतीच्या जाहिरातीत जे लिहू ते गॅरेजमध्ये इंजिन उघडून दाखवता आलं पाहिजे.

याच्याशी जोडून एक शंका तुमच्या मनात येईल की शर्यतीतला भाग आणि दुकानातला भाग एकच असतो का. सुरुवातीला बराचसा असायचा, नंतर फारच कमी. होली या कंपनीचा कार्ब्युरेटर बघा. रस्त्यावरच्या नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जवळपास गेले, पण नॅसकारच्या मुख्य मालिकेत ते २०११च्या हंगामापर्यंत होते, फ्युएल इंजेक्शन २०१२ मध्ये आलं. म्हणजे वीसेक वर्षं शर्यतीत होलीचा जो भाग होता तो नव्या गाडीच्या मालकाच्या काहीच कामाचा नव्हता. तरी होलीला त्याचा उपयोग झाला, कारण जुन्या गाड्यांची इंजिनं हौसेने बांधणारे, गावच्या मातीच्या ट्रॅकवर शनिवारी रात्री गाड्या पळवणारे हेच त्यांचं गिऱ्हाईक. त्या माणसाला टीव्हीवर दिसणारा कार्ब्युरेटर सोमवारी खरंच विकत घेता यायचा. भाग तोच असण्यापेक्षा गिऱ्हाईक तोच असणं जास्त महत्त्वाचं ठरतं.

आता काउंटरकडे येतो, कारण इथे प्रायोजकाचा पैसा वसूल होताना मी स्वतः पाहिलाय. मोठ्या प्रायोजकाकडे शर्यतीच्या गाडीची एक प्रतिकृती असते, तिला शो कार म्हणतात. ती ट्रेलरवर घालून गावोगाव फिरते. आमच्याकडे एखाद्या दुकानासमोर ती उतरवली की सकाळी आठपासून पार्किंगमध्ये गर्दी. पोरं खिडकीतून आत चढून बसायची, आयाबाया फोटो काढायच्या. पण मी बघत असे काउंटरवाल्याकडे. एरवी दिवसभर तेलकट कॅटलॉगात पार्ट नंबर शोधणारा तो माणूस त्या दिवशी यजमान असायचा. गॅरेजवाले त्याला विचारायचे, ही गाडी इथे कशी आली? तो सांगायचा, आपण यांचा माल विकतो ना. पुढे कित्येक दिवस फळीवरून डबा काढताना त्याचा हात आधी त्या ब्रँडकडे जायचा. कोणी सांगावं लागत नसे.

याच तत्त्वावर सगळ्यात विचारपूर्वक चाललेली स्पॉन्सरशिप माझ्या मते इंटरस्टेट बॅटरीची. या कंपनीचा जीव तिच्या वितरकांत आहे, ट्रक घेऊन गॅरेजोगॅरेज बॅटरी पोचवणारी माणसं. १९९२ मध्ये जो गिब्जची नवी टीम उभी राहिली ती यांच्या हिरव्या गाडीवर. १९९३ला डेल जॅरेटने डेटोना ५०० जिंकली, २००० साली बॉबी लाबाँटीने अजिंक्यपद. वितरकांना शर्यतीला नेणं, टीमशी भेट घालून देणं, चांगल्या विक्रीचं बक्षीस म्हणून पिटचे पास देणं, हे सगळं अशा कंपनीला शोभतं, कारण तिची विक्री त्याच माणसांच्या हातात असते. पुढे खर्च वाढला तेव्हा त्यांनी पूर्ण हंगाम सोडून मोजक्या शर्यतींपुरती गाडी रंगवायला घेतली, पण टीम सोडली नाही.

गुडरेंचचं वेगळं झालं. जनरल मोटर्सच्या डीलरकडच्या सर्व्हिसचं ते नाव, १९८८ पासून डेल अर्नहार्टच्या काळ्या ३ नंबरच्या गाडीवर होतं. त्या गाडीत त्याने चार अजिंक्यपदं जिंकली. २००१च्या डेटोनात, शेवटच्या फेरीतल्या अपघातात त्याचा मृत्यू झाला, आणि काळी गाडी दंतकथा झाली. त्याच शर्यतीत पहिला आला मायकेल वॉल्ट्रिप, नापा ऑटो पार्ट्स या दुकानांच्या साखळीच्या गाडीत, जी अर्नहार्टच्याच टीमची होती. नापाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय, आणि साजरा करायला कोणाच्या अंगात त्राण नव्हतं. गुडरेंच हे नाव पुढे जीएमने अमेरिकेत बंदच केलं. आजही लोक गुडरेंचची काळी जाकिटं अंगावर घालतात, पण त्यांना त्यात सर्व्हिस सेंटर आठवत नाही, अर्नहार्ट आठवतो. ड्रायव्हर इतका मोठा झाला की माल त्याच्यामागे झाकला गेला.

नापाचं नाव घेतलंय तर शेवटचा बदल सांगतो, कारण तो तुमच्यासारख्या उत्पादकाच्या थेट मुळावर येतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात मिशिगनची शर्यत चॅम्पियन स्पार्क प्लगच्या नावाची, पोकोनोची प्युरोलेटरच्या, रॉकिंगहॅमची एसी डेल्कोच्या. म्हणजे भाग बनवणारे पुढे होते. नंतर धुण्याच्या पावडरी आणि किराणा मालवाले आले, गाडी रंगवायचा खर्च पार्टवाल्यांच्या आवाक्याबाहेर गेला. त्यांच्या जागी जे राहिले ते भाग विकणारे, दुकानांच्या साखळ्या. नापाने २०१३ मध्ये रिचमंडच्या शर्यतीतल्या हेराफेरीच्या प्रकरणानंतर वॉल्ट्रिपने पुढे स्वतः काढलेली टीम सोडली आणि चेस एलियट या तरुणामागे उभी राहिली. २०२० मध्ये तो मुख्य मालिकेचा अजिंक्यवीर झाला. २०२६ पासून दुसऱ्या क्रमांकाच्या मालिकेला ओरायली ऑटो पार्ट्सचं नाव आहे. याचं कारण साधं: फळीवर कुठला डबा ठेवायचा हे आता साखळी ठरवते, आणि अनेकदा तो डबा तिच्याच नावाचा असतो. ब्रँडची ताकद बनवणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे सरकली, स्पॉन्सरशिपही तिच्यामागे गेली.

म्हणून थोडक्यात तुमच्यासाठी. भारतात नॅसकारसारखी स्टॉक कार मालिका नाही, पण रॅली आहेत, ट्रॅकवरच्या शर्यती आहेत, टू-व्हीलरचं मोठं जग आहे. गाडी रंगवायच्या फंदात आत्ता पडू नका. कंटिन्जन्सीसारखं काही बसवता येतं का बघा: फिल्टर पुरवा, स्टिकर लावून घ्या, निकालावर बक्षीस द्या, आणि फोटो वापरायचा हक्क लेखी घ्या. अमेरिकेत एक ढोबळ हिशेब सांगतात की स्पॉन्सरशिपला जितका पैसा द्याल, निदान तितकाच ती दुकानांपर्यंत पोचवायला वेगळा ठेवा. तो नसेल तर पहिलाही देऊ नका. चिंचवडच्या, कोल्हापूरच्या, नगरच्या काउंटरवाल्याला तुम्ही शर्यतीला घेऊन जाऊ शकता का, हे आधी ठरवा. ट्रॅक कुठला आणि ड्रायव्हर कोण, ते नंतर.

आणि एक माहिती तुमच्या प्रश्नात नाही ती कळवा. तुमचे फिल्टर आज तुमच्याच नावाच्या डब्यात विकले जातात, की दुसऱ्या कोणाच्या डब्यात भरून जातात? दुसरं असेल तर मडगार्डावर लावायला अजून नावच तयार नाही, आणि माझा सल्ला पूर्ण बदलेल.